समुद्रासाठी बांधलेली होडी

आमच्या गावात आता कडलग सरांचं घर विचारलं, तर नवी पोरं क्षणभर विचारात पडतात आणि मग म्हणतात, "मढ्याच्या व्हडीवालं सर व्हय?" मी सरांच्याच हायस्कुलात सगळी नोकरी केली आणि सरांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. हे नाव ऐकलं की अजून माझं तोंड कडू होतं. ती होडी त्या कामासाठी बांधलेलीच नव्हती. ती समुद्रासाठी होती. हे माहीत असलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि जी आहेत त्यांना ते सांगायची गरज वाटत नाही.

गाव मुळा धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. बाजार राहुरीचा, मोठं काम निघालं तर नगर. धरण भरलं की पाणी आमच्या शिवारात शिरतं, बाभळी कमरेइतक्या बुडतात, आणि उन्हाळ्यात तेच पाणी मैलभर मागे सरकून भेगाळलेला गाळ सोडून जातं. सर मूळचे संगमनेरकडचे. शास्त्र आणि गणित शिकवायचे. उंच, सडपातळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटण बारा महिने लावलेलं. बोलणं कमी आणि जे बोलत ते लिंबासारखं. एका मुलाला गणितात काठावरचे पस्तीस मिळाले आणि तो सरांना पेढा द्यायला आला, तेव्हा पेढा हातात धरून सर म्हणाले, "तू पुढं इंजिनिअर झालास आणि पूल बांधलास, तर पहिल्यांदा त्याच्यावरून तूच जा." पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

त्यांच्या शिकवण्यात एक गोष्ट होती, तिचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटायचं. प्रयोग करताना परीक्षानळीत दर्शक टाकला की सर स्वतः रंग कधी सांगत नसत. नळी उंच धरून मागच्या बाकावरच्या कुणालातरी उठवायचे. "काय झालं?" मुलगा म्हणायचा, लाल झालं. "सगळ्यांना मान्य?" वर्ग हो म्हणायचा, मग सर फळ्यावर लिहायचे. मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिकवणारा मास्तर, असं तपासणीला आलेल्या साहेबांनीही एकदा म्हटलं होतं. सरांनी त्यावर फळा पुसायला घेतला. सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, त्यांना बाजारातून टोमॅटो कधी आणू देत नसत. मला वाटायचं, सरांना भाजी निवडायचा कंटाळा असेल.

निवृत्त झाल्यावर दोन महिने ते ओट्यावर नुसते बसून होते. मग एके दिवशी गावातल्या बाळूचा टेम्पो त्यांच्या दारात थांबला आणि चौघांनी मिळून एक लांबलचक, चपटं खोकं उतरवलं. नगरच्या ट्रान्सपोर्टमधून ते आलं होतं, आणि तिथवर कुठून कुठून फिरून. आत कापून तयार केलेल्या पातळ प्लायच्या लांब पट्ट्या होत्या, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, राळेचे डबे, काचेच्या धाग्यांचं विणलेलं पांढरं कापड आणि इंग्रजी सूचनांचं जाडजूड पुस्तक. हे सगळं जोडलं की सतरा फुटांची होडी होते, कयाक म्हणतात तिला. एकाच माणसाने बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने हाकायची. समुद्रात चालणारी.

गावात बातमी पसरायला टेम्पो वळेपर्यंतचा वेळ लागला. चावडीपाशी कुणीतरी विचारलंच, सर, आपल्या नगर जिल्ह्यात समुद्र कुठाय? सर म्हणाले, "मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला, गोदावरी समुद्राला. भूगोलात नापास झालास ते योग्यच झालं."

मला त्यांनी कारण एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. विसाव्या वर्षी ते नौदलाच्या भरतीला मुंबईला गेले होते. लेखी पास झाले, पळण्यात पास झाले, डॉक्टरी तपासणीत बाद झाले. परत येताना एक दिवस किनाऱ्यावर बसून राहिले आणि मग एसटीने घरी आले. "बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, मास्तर झालो. संपलं." कशात बाद झालात, असं मी विचारलं तर म्हणाले, "तपासणीत."

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. पट्ट्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची, दोन कडा जवळ आणायच्या आणि तांब्याच्या तारेने टाके घालून पीळ द्यायचा. सर पिळायचे तो टाका एक तर तुटायचा, नाहीतर लाकडात रुतायचा. वहिनींचा घरात शिवणाचा क्लास होता, गावातल्या निम्म्या मुली त्यांच्या हाताखाली ब्लाउज शिवायला शिकल्या होत्या. तीन-चार दिवस त्यांनी दारातून बघितलं. मग पदर खोचून आत गेल्या आणि पक्कड काढून घेतली. म्हणाल्या, आधी सगळे टाके सैल घालायचे असतात, मग एका टोकापासून आवळत जायचं, एकदम एकच आवळला तर कापड ओढतं. कुणाचंही न ऐकणारे सर स्टुलावर बसले आणि पुस्तकातली सूचना मराठी करून वाचू लागले. वहिनी टाके घालत गेल्या. सपाट पट्ट्या हळूहळू वर उचलल्या, वाकल्या, आणि आठवड्याभरात शेडमध्ये होडीचा आकार उभा राहिला. त्या दिवशी मी त्या दोघांना एकाच ताटलीतून शेंगा खाताना पाहिलं. इतक्या वर्षांत मी तसं पाहिलं नव्हतं.

पुढचं काम राळेचं. मे महिना होता. डब्यात राळ आणि तिचं औषध मिसळलं की ती हळूहळू घट्ट व्हायला हवी, पण आमच्याकडच्या उन्हात ती भांड्यातच तापली, धूर सोडायला लागली, आणि सरांची दोन बोटं पोळली. मग दोघं भल्या पहाटे उठून काम करायचे. पांढरं कापड होडीवर अंथरून त्यावर राळ ओतली की ते नाहीसं व्हायचं आणि खालचं लाकूड मधासारखं वर यायचं. वहिनींनी मला हे बघायला मुद्दाम हाक मारली होती.

एकदा वहिनींच्या हातून राळेचा ओघळ राहिला आणि तसाच सुकला. सर त्यांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. वहिनींनी हात धुतले आणि शेडमध्ये जायचं बंद केलं. माफी मागणं सरांना येत नव्हतं. तीन-चार दिवस ते शेडमध्ये एकटेच बसून सूचना मोठ्याने वाचत होते. तेच पान, पुन्हा पुन्हा, वर्गात वाचावं तसं. शेवटी वहिनी आत गेल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं. सगळ्या गल्लीला पाठ झालं."

बेत ठरला होता. दसऱ्याला होडी फुगवट्यात उतरवायची, हात बसवायचा आणि दिवाळी झाली की बाळूच्या टेम्पोत घालून कोकणात न्यायची. वहिनींनी समुद्र पाहिला नव्हता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काय करणार तिथे, होडीत तर एकालाच जागा. त्या म्हणाल्या, "मी वाळूत बसून ह्यांच्याकडे बघेन. एवढं शिवलंय, तर चालताना बघायला नको?"

दसऱ्याला वहिनींनी होडीच्या टोकाला हळदकुंकू लावलं. सर कुरकुरले, पण टोपी काढून उभे राहिले. धरणावर थर्माकोलच्या तराफ्यांवरून मासे धरणाऱ्यांचा म्होरक्या नामदेव तिथे आला होता. होडीवरून हात फिरवून तो म्हणाला, लई गुळगुळीत केलीय, पण अरुंद हाय, मासं कुठं ठिवणार? सर म्हणाले, मासे नाही ठेवायचे. मग कशाला, असं त्याने अगदी सरळ मनाने विचारलं. सर आत बसले, दोन हात वल्हं मारलं आणि उलटे झाले. चष्मा दोरीने बांधलेला होता म्हणून वाचला. पण पंधरा दिवसांत त्यांना ते जमलं. मी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की दूर पाण्यावर एक बारीक रेघ सरकताना दिसायची. एकदा परत आल्यावर ते मला आपणहून म्हणाले, "बाई, मधोमध गेल्यावर गावाचा आवाज येत नाही." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सुखाचं वाक्य ते एवढंच.

दिवाळीच्या आधी पोलीस पाटील सकाळी त्यांच्या दारात आले. आदल्या दिवशी बाहेरगावचा एक तरुण पोहायला उतरून बुडाला होता. वारा इतका होता की नामदेवचे तराफे खाडीच्या, म्हणजे बाभळींत शिरलेल्या पाण्याच्या फाट्याच्या, तोंडापलीकडे जाईनात. सरकारी बोट यायला वेळ लागणार होता. सर म्हणाले, ही होडी त्या कामाची नाही. अरुंद आहे, माणूस वर घेता येत नाही, ओढायला गेलं की उलटते. पाटलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, त्याची आई काठाला बसलीय."

सर उठले.

तो त्यांना बुडालेल्या बाभळींमध्ये सापडला. काखेखालून दोर घालून, होडीच्या मागे बांधून त्यांनी त्याला काठाला आणलं. काय झालं, कसं झालं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरी येऊन होडी अंगणात पालथी घातली आणि धुत बसले. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, धुतली तेवढी पुरे, राळ निघेल. कोकणचं जाणं पुढे ढकललं. एवढ्यात नको, वहिनी म्हणाल्या.

फुगवट्यावर तेव्हा पुण्याची, नगरची माणसं सुट्टीला यायला लागली होती. गाड्या पाण्यापर्यंत यायच्या, फोटो काढत पोरं आत जायची, आणि खाली गाळ आहे हे त्यांना कोण सांगणार? शिवाय गावातली माणसं होतीच. शेताच्या पाण्याच्या मोटारीसाठी आत उतरणारी, जनावरं धुणारी, आणि एक-दोन बाया, ज्यांच्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही. दर वेळी सरांच्या दारात माणूस येऊन उभा राहायचा. दर वेळी सर म्हणायचे, ही त्या कामाची होडी नाही. आणि दर वेळी जायचे.

माणसांचं वागणं मी खिडकीतून पाहिलं आहे. ज्यांचं माणूस मिळालं ते येऊन होडीला नमस्कार करायचे. काहीजण तिच्याकडे न बघता नारळ ठेवून जायचे. आणि तीच माणसं एरवी सरांच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेने जायची. वहिनींच्या क्लासच्या खिडकीतून शेड दिसायचं. आधी एका मुलीच्या आईने तिचं येणं बंद केलं, मग दुसरीच्या. वहिनींनी खिडकीला पडदा लावला. संक्रांतीला मी गेले तेव्हा वाणाची ताटं भरलेली होती आणि बायका आल्या नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, "चहा घ्या तुम्ही." मी दोन कप प्यायले.

फेब्रुवारीत सरांनी मनाशी पक्कं केलं आणि बाळूला बोलावलं. कोकणात जायचंय, होडी भरायचीय. बाळू त्यांचाच विद्यार्थी. तो खाली मान घालून उभा राहिला.

"सर, तुमी म्हनाल ते भरतो. सिमेंट भरतो, खत भरतो, म्हशी भरतो. पन ती व्हडी न्हाई. नवरीचं सामान बी ह्याच टेम्पोत जातं."

"ह्याच टेम्पोतून आणलीस ना?"

"तवा ती कोरी हुती," बाळू म्हणाला.

सर त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याला चहा प्यायला लावून त्यांनी परत पाठवलं.

त्याच्या आधी, सव्वीस जानेवारीला, शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार झाला होता. पाहुणे बाहेरचे, मोठे. त्यांनी सरांना जलदूत का काहीतरी म्हटलं आणि शाल पांघरली. सरांनी शाल उतरवली, घडी केली, टेबलावर ठेवली आणि माईक हातात घेतला. म्हणाले, "शाल नको. दोर द्या, जॅकेटं द्या, काठावर पाटी लावा. आणि माणूस बुडाल्यावर माझ्याकडं येऊ नका, बुडायच्या आधी या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचं तोंड उतरलं. पाटी लागली नाही, पण सरांना गर्व झालाय हे आठवड्याभरात सगळ्या गावाला माहीत झालं.

आता किरणचं सांगते. रामदास म्हणून आमच्या गावचा कांद्याचा शेतकरी, किरण त्याचा एकुलता मुलगा. तो नववीत असताना सर त्याला सगळ्या वर्गासमोर काहीतरी बोलले होते, तेच त्यांचं नेहमीचं आंबट बोलणं. किरण दप्तर उचलून वर्गातून निघून गेला आणि पुन्हा सरांच्या तासाला बसला नाही. तालुक्याच्या शाळेतून दहावी झाला. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ह्याला कितीतरी वर्षं झाली होती. किरण मोठा झाला, शेती बघायला लागला, रस्त्यात सरांना दिसला तर गाडीचा वेग कमी करून मान हलवायचा.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मोटारीचा फूटवॉल, पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, गाळात अडकला. तो सोडवायला किरण पाण्यात उतरला आणि वर आला नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर होडी घेऊन गेले. वारा जोरात होता. काठालगत पाण्यात बेशरमाची हिरवी झाडी माजली होती. रामदास वरच्या बांधावर उभा होता, मी आणि वहिनी त्याच्या बायकोला धरून जरा खाली बसलो होतो. एकदम रामदास हात करायला लागला. झाडीच्या कडेला त्याला काहीतरी लाल दिसलं होतं. किरणच्या अंगात लाल बनियन होतं. वाऱ्यात आवाज पोचत नव्हता, पण सरांनी हात पाहिला. रामदास दाखवत होता तिकडे ते वळले. वल्हं आडवं धरून थांबले. बराच वेळ त्या झाडीकडे बघत राहिले. मग होडी फिरवून पुढे निघून गेले.

रामदास ओरडत बांधावरून धावत खाली गेला, पण मधे खोल गाळ होता, माणसांनी त्याला धरून ठेवलं. तराफा तिथवर पोचेपर्यंत वाऱ्याने जे होतं ते हललं होतं. किरण तिसऱ्या दिवशी नामदेवला सापडला. तिसऱ्या दिवशी पाण्यातलं माणूस कसं असतं, ते मी लिहिणार नाही. त्याच्या आईला तोंड बघू दिलं नाही, एवढंच लिहिते.

तेरावं झाल्यावर रामदास सरांच्या फाटकाशी आला. मी माझ्या अंगणात होते. तो आत गेला नाही, आवाजही चढवला नाही.

"सर, मी हात करीत हुतो. तुमी माझ्याकडं बघितलं. तिकडं बघितलं. आन गेलात."

सर म्हणाले, "मला दिसला नाही, रामदास."

"लाल भडक बनियन हुतं. मला वरनं दिसलं, तुमाला जवळनं दिसलं न्हाई?"

 रामदासने फाटकावरचा हात काढला. मग म्हणाला, "पोरानं वर्गातनं उठून जायला नको हुतं. चुकलं त्याचं." आणि गेला.

सर ओट्यावर बसले. वहिनी आतून आल्या. मी तिथे आहे ह्याचं त्यांना भान नव्हतं, की त्यांना मी ऐकावं असंच वाटत होतं, कोण जाणे. त्या म्हणाल्या, सांगा की त्यांना. सर म्हणाले, काय सांगू? वहिनींचा आवाज फाटला. "तुम्हाला लाल आणि हिरवं एकसारखं दिसतं, हे सांगा. हिरव्यातलं लाल तुम्हाला उभ्या जन्मात दिसलेलं नाही, हे सांगा."

तेव्हा मला कळलं. वर्गात उंच धरलेली नळी, टोमॅटो, मुंबईची तपासणी, सगळं एकदम.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शास्त्राचा मास्तर होतो मी. नोकरीभर पोरांना रंग विचारून फळ्यावर लिहिले. तेव्हा सांगितलं नाही. आता सांगितलं तर ती सबब होते."

"होऊ द्या सबब," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या मानापायी तो माणूस जन्मभर जळेल."

सर उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच रामदासच्या वस्तीवर गेल्या. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं. रामदासने त्यांना बसायला घोंगडी टाकली होती, सगळं ऐकून घेतलं होतं, आणि शेवटी हात जोडून म्हणाला होता, "वैनी, नवऱ्यासाठी बाईला बोलावं लागतं, मला समजतंय. पन आमच्या पोरास्नी रंग त्यांनीच शिकवले ना?" रामदासच्या बायकोने त्यांना पाणीही विचारलं नव्हतं.

ते बोलणं तिथेच संपलं नाही. सरांनी मुद्दाम किरणला सोडलं, असं गावात आधी कुजबुजीत आणि मग उघड बोललं जाऊ लागलं. ज्यांच्या माणसांना सरांनी काठाला आणलं होतं, त्यांच्यातल्या एकानेही ते खोडून काढलं नाही. माझ्यासमोर कुणी बोललं तर मी सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बाई, तुमचं शेजार हाय, तुमी तसंच बोलणार.

सरांच्या दारात त्यानंतर कुणी आलं नाही. पावसाळ्यानंतर धरणासाठी मोटारीची रबरी बोट मिळाली, ती चालवायला नारिंगी जॅकेटवाली शिकलेली पोरं आली. सरांनी मागितलं होतं ते सगळं आलं, म्हणा. आणि सर मोकळे झाले.

मग ते कोकणात गेले. नगरहून ज्याला काही माहीत नव्हतं असा टेम्पोवाला बोलावला, होडी गाद्यांत गुंडाळून बांधली, वहिनी पुढे बसल्या. आठवडाभर राहायचं म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. सर सरळ आत गेले. वहिनींनी मला पुढे कधीतरी, गहू निवडता निवडता, सांगितलं. किनारा शांत होता. लाटाही मोठ्या नव्हत्या. सर लाटा ओलांडून छान आत गेले, वहिनी वाळूत बसून बघत होत्या, आणि होडी त्यांना वाटलं होतं त्याहून देखणी चालत होती. फार लांब जायच्या आधीच ती वळली. सर काठाला आले, वाळूत होडी ओढून तिच्याशेजारी बसले. वहिनींनी विचारलं, दमलात का? ते म्हणाले, नाही. समुद्र चांगला आहे. मग म्हणाले, "मी सारखा खालीच बघतोय, सुमन. वर बघताच येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा होडी काढलीच नाही. दोघं वाळूत बसून राहिले. वहिनी म्हणाल्या, समुद्र मी पोटभर बघितला, पण त्यांच्या पाठीकडून.

त्यानंतर नाशिकला मुलीकडे जायचं ठरलं. घर विकायचं नव्हतं, नुसतं कुलूप लावायचं. ते जायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एक माणूस बुडाला, पलीकडच्या गावचा. मी काठावर गेले ती त्याची चुलती माझी विद्यार्थिनी म्हणून. रबरी बोट मधल्या खोल पाण्यात गोल गोल फिरत होती. काठावर गर्दी होती आणि गर्दीच्या मागे, गळ्याचं बटण लावलेले कडलग सर उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते बोटीकडे बघतच नव्हते. वारा कुठून येतोय ते बघत होते आणि बाभळींच्या खाडीकडे बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, सर, सांगा ना त्यांना. ते म्हणाले, "तिथं सापडला तर म्हणतील ह्याला कसं ठाऊक. नाही सापडला तर म्हणतील पुन्हा चुकवलं."

तरी ते गेले. गर्दीतून वाट काढत पाण्यापर्यंत गेले आणि काठावरच्या जॅकेटवाल्या पोराला काहीतरी म्हणाले, खाडीकडे हात करून. पोरगा परगावचा, त्याला ते कोण ते माहीत नव्हतं. तो उद्धट बोलला नाही. फोन कानाशी तसाच धरून, दुसऱ्या हाताने त्याने त्यांना बाजूला सारलं. "काका, मागे व्हा."

सर मागे झाले. गर्दी त्यांच्यासाठी बाजूला सरली आणि नंतर पुन्हा जवळ आली नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढी जागा रिकामी राहिली. ती रिकामी ठेवणाऱ्यांत बाळू होता, पाटील होते, ज्यांच्या पोराला त्यांनी दोराने ओढून आणलं होतं ते एक म्हातारबाबा होते. माणूस दुसऱ्या दिवशी बाभळींतच मिळाला. पण तेव्हा सर तिथे नव्हते आणि आदल्या दिवशी त्यांनी तिकडेच हात केला होता, हेही कुणी म्हणालं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सर अजून आहेत ते त्या आदल्या संध्याकाळचे. ऊन उतरलं होतं, बोट अजून मधेच घुमत होती, लोक घरी जायला लागले होते, आणि सर, सांगितलं होतं तिथेच, मागे उभे होते.